स्कोप सुधरला की जातो

तुमसरला राइस मिलच्या ओळीत आम्हा दोघा भावांचं दुकान आहे. सॉर्टर मशीन, वजनकाटा, ड्रायरचं पॅनल, मिलमध्ये जे काही चालता चालता थांबतं त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड आमच्या टेबलावर येतं. बाहेर भुशाची धूळ, आत सोल्डरचा धूर. आमची नाकं दोन्हींना सरावली आहेत. दादा माझ्याहून मोठा. हे काम त्यानंच मला शिकवलं आणि शिकवताना टपल्याही भरपूर मारल्या. माझ्या तापट डोक्याचं खापर मी अजून त्या टपल्यांवर फोडतो.

दुकानातली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे स्कोप. तारेतली वीज कशी वर-खाली होते, ते पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र. दादानं तो एका कारखान्याच्या भंगारातून उचलून आणला आणि स्वतःच्या हातानं जिवंत केला होता. मल्टिमीटर नुसता आकडा सांगतो. स्कोप नसला की आम्ही चाचपडतच काम करतो.

नवीन धान मिलवर यायच्या सुमारास तो स्कोप बसला. पंखा फिरायचा, पडदा उजळायचा, पण रेघेच्या जागी अर्धवट अक्षरं थिजून राहायची.

त्याच दिवसांत दादाच्या गालाच्या आतला फोड बरा होईना. खर्रा तो कळायला लागल्यापासून खात होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, त्याची पुडी करायची, की झाला खर्रा. आमच्याकडे लग्नात, मयतीत, मिलच्या काट्यावर, आधी ती पुडी पुढे होते आणि मग बोलणं सुरू होतं. दादाचं तोंड केव्हापासूनच आखडत आलं होतं. घास बोटानं आत सरकवावा लागायचा. वहिनीच्या माहेरची माणसं तलावावर मासेमारी करतात. तिच्या माहेरून, आसगावहून, झिंगे म्हणजे तलावातली कोळंबी आली की हा माणूस ताटावर तुटून पडायचा. या वेळी त्यानं नुसत्या रश्श्यात भात कालवला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर गिळला आणि ताट सरकवलं. दाताच्या डॉक्टरनं टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, ताबडतोब नागपूरला जा, तुकडा काढून तपासून घ्या. त्याच्या आवाजावरूनच मला समजायचं ते समजलं. मी घाबरलो.

दादा म्हणाला, "स्कोप सुधरला की जातो."

"मी आहो ना दुकानात. तू जाय."

"सीझनच्या तोंडावर तुह्या भरवशावर दुकान टाकू? पहिले स्कोप सुधरव, मंग पाहू."

म्हणजे त्याचं नागपूर माझ्या हातात आलं. वहिनीनंही तेच धरलं. दुपारी डबा घेऊन आली की दारातूनच विचारायची, "झाला का जी भाऊजी?" मी मान हलवली की डबा ठेवून गुपचूप निघून जायची. तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

बिघाड शोधायची रीत दादानंच घालून दिलेली. आधी वीज बघायची, मग क्लॉक, म्हणजे ज्या ठोक्यावर सगळ्या चिप चालतात तो ठोका, मग रीसेट, आणि सगळं ठीक असेल तरच एकेक चिप. मी लॉजिक प्रोब घेतला. पेनासारखंच असतं ते. चिपच्या पायावर टेकवलं की वीज असली तर लाल, नसली तर हिरवा, आणि ठोके असले तर दोन्ही दिवे लुकलुकतात. वीज बरोबर होती. ठोका होता. रीसेटची तार मात्र हिरव्यावरच अडकलेली, म्हणजे मुख्य चिपला कोणी उठूच देत नव्हतं. तिथला कपॅसिटर सुकला होता. तो बदलला आणि पडद्यावर रेघ आली. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचा पानठेलेवाला डोकावला.

दादानं रेघ पाहिली. "बरं झालं," एवढंच म्हणाला.

सकाळी निघायचं ठरलं. वहिनीनं पिशवी भरली. निघण्याआधी दादा म्हणाला, एकदा स्कोप लावून पाहू. लावला. पुन्हा तीच थिजलेली अक्षरं.

"पाह्य. मी म्हणत नोतो?" दादा म्हणाला.

या वेळी दोन कार्डांना जोडणारी तारांची पट्टी ढिली निघाली. बसवली, चालला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मग मेमरीची चिप सॉकेटमधून एका अंगानं वर आलेली सापडली. तापून-निवून चिप वर सरकते, हे खरं आहे. मी तेच कारण धरलं, ती काढली, भिंगाखाली एकेक पाय तपासला आणि अंगठ्यानं दाबून घट्ट बसवली. स्कोप चालला. दुसऱ्या सकाळी पुन्हा बंद. मी टेबलावर मूठ आपटली, स्कोपला नाही नाही ते बोललो. दादा खाली मान घालून एका काट्याचं कार्ड पुसत राहिला. दुपारी वहिनी म्हणाली, "दुसऱ्या मिस्त्रीले दाखवा ना जी, भाऊजी. तुमच्याच्यानं नाई होत तं." ते मला फार लागलं.

दादा चहाला गेल्यावर मी प्रोब घेऊन पुन्हा बसलो. मेमरीच्या चिपचे पाय एकेक करून पाहिले. सगळे लुकलुकत होते, एक सोडून. सॉकेटच्या बाजूनं तीच तार लुकलुकत होती, चिपच्या पायापर्यंत मात्र पोचत नव्हती. वीज बंद केली, चिप उचलली. तो पाय पोटाखाली दुमडलेला होता. वरून बघणाऱ्याला कळू नये असा, अगदी बेतानं.

चिप वर सरकते, पट्टी ढिली होते. पण बसलेल्या चिपचा पाय आपोआप पोटाखाली जात नाही. चिपच्या पाठीवर पांढरा, वाळलेला बोटाचा डाग होता. नखानं खरवडला. चुना होता. मी खर्रा खात नाही, आणि दादानं तो वहिनीपुढे शपथ घेऊन सोडला होता. दुकानात तिसरं कोणी बसत नाही.

मोडलं त्यानं काहीच नव्हतं. पाय असा वाकवला होता की सरळ करताना तुटू नये. आपल्या हातानं जिवंत केलेल्या यंत्राला तो रोज जपून बिघडवत होता, आणि मी मूर्खासारखा रोज दुरुस्त करत होतो.

तो परत आला तेव्हा चिप माझ्या तळहातावर होती. दारातच थांबला.

"काहून दादा?"

तो आत आला. मग खुर्चीत बसला आणि त्या न उघडणाऱ्या तोंडानं पुटपुटला, "मले माहीत आहे ते काय होय. पण अजून कोणी म्हटलं नाई ना गा. डॉक्टरनं म्हटलं की मंग होऊनच जाते."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला कवटाळावंसंही वाटलं. दोन्ही जमलं नाही. चिमट्यानं पाय सरळ केला, चिप बसवली, बटन दाबलं. पडद्यावर रेघ आली.

"दुकानाची चावी आन इकडे," मी म्हणालो. "सकाळी निघून राहिलो आपण."

त्यानं चावी दिली. "तिले नको सांगू," म्हणाला.

नागपूरला तुकडा काढला, जबड्याचे फोटो काढले. रिपोर्ट घेऊन गेलो त्या दिवशी डॉक्टर बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. आजार जबड्याच्या हाडात शिरला होता. अर्धा जबडा काढावा लागेल, जिभेचाही भाग जाईल, आणि एवढं करूनही खात्रीनं काही सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. दादा त्यांच्या टेबलाच्या कडेकडे बघत ऐकत होता. वहिनीनं माझा दंड धरला होता.

बाई दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून चिडल्या. "तुमच्या डॉक्टरांनी लगेच जा म्हणून सांगितलं होतं ना? मग थांबलात कशासाठी?"

"त्यायची मशीन बिघडली होती जी," वहिनी म्हणाली. "ते सुधरल्याबिगर येतच नोते."

"मशीन?" बाईंनी दादाकडे पाहिलं.

दादानं मान वर केली. त्याचे ओठ हलले. बोलण्यासाठी तो तोंड उघडायचा प्रयत्न करत होता, आणि वहिनी त्याच्याकडे बघत होती.

"हो मॅडम," मी घाईनं म्हणालो. "माझ्याच्यानं सुधरूनच नाई राहिली होती."