आठ नंबरची दोरी

हसायचं असेल तर सगळं ऐकून मग हसा. कारण जे केलं ते मी चांगल्या मनाने केलं होतं. माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढं एकच आहे.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. पेडण्यातल्या एका कारखान्यात मशीन चालवतो आणि हळर्णला पुंडलिककाकांच्या घरात भाड्याने राहतो. अकरा वर्षं झाली. भाडेकरू म्हणायचं आपलं. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला, तेव्हा काकींनी वीस दिवस पेज भरवली. काका पहाटे फेकायचं जाळं घेऊन नदीवर जायचे आणि येताना चार मासे माझ्या उंबऱ्यावर ठेवायचे. आभार मानले तर चिडायचे.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी जाळं फेकायला बंदी केली. काकांनी जाळं दुमडून खुंटीला लावलं आणि दिवसभर अंगणातल्या बाकावर बसून राहायला लागले. मला ते बघवेना.

कारखान्यातला एक इंजिनियर म्हणाला, "त्यांना फ्लाय रॉड घेऊन दे. हलका असतो. खांद्याला त्रास नाही." झालं, माझ्या डोक्यात ते बसलं. आता मला मासेमारीतलं काय कळतं? काठी, दोरा आणि गांडूळ. बस.

काकांच्या एक्स-रेचा रिपोर्ट म्हापशाहून आणायचाच होता. घरी तेवढंच सांगितलं आणि निघालो. रॉडचं गुपित ठेवायचं होतं ना.

म्हापशात गळ आणि दोऱ्यांचं एक दुकान आहे. मालक आंतोनबाब, सज्जन माणूस. मी फ्लाय रॉड म्हणताच त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "वेट कितलें? लांबी कितली? आनी रील उजव्या हाताचें काय दाव्या?"

मला वाटलं, शिंपी माप घेतो तसं असणार. माणूस जेवढा, तेवढी काठी. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. खरं सांगा.

बाहेर येऊन काकींना फोन लावला.

"काकी, काकांचं वजन किती हो?"

"अठ्ठावन. कित्या रे?"

"आणि उंची?"

"ती कोण मोजता? तुझ्यापेक्षा चार बोटां कमी. तू डॉक्टराकडे आसस काय?"

"म्हापशातच आहे. काका सगळं उजव्या हातानेच करतात ना?"

काकी अगदी हळू आवाजात, "उजव्याच. काय करतले रे त्या हाताक?"

"काही नाही हो. तुम्ही काळजी करू नका. आणि हे बघा, काकांना यातलं काही कळू देऊ नका."

किती समजूतदारपणे बोललो मी! फोन स्कूटरच्या डिकीत टाकला आणि दुकानात गेलो.

"अठ्ठावन्न किलो," मी म्हणालो.

आंतोनबाबनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "माणसाचें नंय रे बाबा. दोरीचें."

मग त्यांनी मला बसवून शिकवलं. गळाला पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करतात. तिला वजनच नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायची ती जाड दोरी. तिच्याबरोबर माशी जाते. त्या दोरीच्या वजनाला नंबर असतात आणि रॉड, रील, दोरी सगळं एकाच नंबरचं लागतं. आमच्या नदीतल्या चोणक माशाला आठ नंबर, रॉड नऊ फुटी.

"माशी ड्राय काय वेट?" त्यांनी विचारलं.

गोव्यात अकरा वर्षं राहिलेला माणूस या प्रश्नाचा अर्थ काय लावणार? मी म्हटलं, "काका सणावारीच घेतात. तीही थोडी."

आंतोनबाब बराच वेळ खोकले. ड्राय म्हणजे तरंगणारी, वेट म्हणजे बुडणारी. शेवटी बुडणाऱ्या चार माश्या त्यांनीच निवडल्या. या शिकवणीत तास दीड तास गेला. फोन डिकीतच होता.

हळर्णला पोचलो तर घरासमोर स्कूटरच स्कूटर. अंगणात निम्मी वाडी जमलेली. एक म्हातारे गृहस्थ नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालत होते आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. काका मध्ये बाकावर. त्यांचा उजवा हात एका माणसाने दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. जवळ गेलो तर ते वामनभाऊ, काकांचे सख्खे धाकटे भाऊ. बांधावरच्या एका काजूच्या झाडावरून दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. घर पन्नास पावलांवर, पण लग्नकार्यालाही एकमेकांकडे गेले नव्हते.

माझ्या खांद्यावर ती लांब नळी. गाऱ्हाणं मध्येच थांबलं.

"काय सांगलां डॉक्टरान?" काकींनी विचारलं. डोळे सुजलेले.

आता एवढे लोक बघून माझं गुपित काय राहणार? मी म्हणालो, "काही नाही काकी. काकांसाठी रॉड आणलाय."

काकी मटकन खाली बसल्या.

वामनभाऊंनी त्या नळीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढो लांब? हातात खंय रवतलो तो?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काकींच्या हिशेबी वजन आणि उंची भूल द्यायला, उजवा हात कापायला, आणि आता हाडात घालायला रॉड. मी घाईघाईने नळी उघडली, रील काढलं, पिसांच्या माश्या तळहातावर ठेवल्या, रिपोर्ट दाखवला. खांद्याचा सांधा वयाने थोडा झिजलाय, बाकी काही नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार.

पहिले हसले ते काका. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग सगळं अंगण हसायला लागलं. नारळवाले गृहस्थसुद्धा.

त्या गडबडीत वामनभाऊंनी काकांचा हात सोडला आणि चपला शोधायला लागले. भावाला काही झालं नव्हतं, म्हणजे आता थांबायला कारण नव्हतं. काकांनी दुखऱ्या हातानेच त्यांची बाही धरली.

"बस रे. चाय घेवन जा."

वामनभाऊ बसले. काकी उठून आत गेल्या आणि चहाऐवजी जेवणाचीच पानं मांडली.

आता रोज संध्याकाळी दोघे भाऊ नदीवर असतात. रॉड एकच, त्यामुळे पाळी लावतात आणि पाळीवरून भांडतात, पण बोलून भांडतात. मी अकरा वर्षांचं थोडं तरी फेडायला गेलो होतो. काका म्हणाले, "सदा, तू माका भाव हाडून दिलंस." भाऊ आणून दिला म्हणे. म्हणजे माझ्यावरचं ओझं उलट वाढलंच.

काकींचं मत मात्र वेगळं आहे. पहिला चोणक मिळाला त्या दिवशी मोठ्या तुकड्या वामनभाऊंकडे गेल्या, डोकं काकांना, आणि माझ्या ताटात शेपटी पडली. मी काकींकडे पाहिलं.

"तुझ्या त्या फोनान माझो अर्धो जीव गेलो," त्या म्हणाल्या. "खा गप."

त्याला सहा महिने झाले. मासा केवढाही मिळो, माझ्या वाट्याला अजून शेपटीच येते. आणि मी ती काटासुद्धा न ठेवता खातो.