पितळ खाणारं तेजाब

मुलांनो, राजूरला चतुर्थीच्या गर्दीत भांड्यांना मुलामा देणारे एक चाचा बसायचे. त्यांचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही.

आईच्या शिवणाच्या मशीनची सुई सैल होऊन डुगडुगत होती. वडील शाळेत मास्तर. त्यांनी तांबटाकडून ती, ज्यात बसते त्या लोखंडी दांड्याला पितळेनं कायमची जोडून आणली! तिसऱ्या दिवशी सुई मोडली आणि तुकडा आतच अडकला. मावशीचं लग्न चार दिवसांवर, पोलकी अर्धवट, आणि तेव्हा चाललेल्या लढाईमुळे नवा दांडा कुठे मिळेना. म्हणून दांडा काढून आम्ही सगळे चाचांकडे गेलो.

चाचांनी दांडा फडक्यानं पुसला, गालाला लावून ओल पाहिली, पुन्हा पुसला. मग वाऱ्याकडे पाठ करून बसले आणि चिनी मातीच्या वाडग्यात तेजाब ओतलं.

"जरा पाणी घाला, चाचा. सौम्य बरं," वडील म्हणाले.

"बिलकुल न्हाई, मास्तर! पाणी पडलं की हे लोखंड खातंय. कडक असलं तर पितळच खातंय."

"पण जरासं..."

परक्यासमोर कधी न बोलणारी आई मागून म्हणाली, "चाचा, ह्यांचं ऐकू नका. ह्यांनीच सुई चिकटवून आणली!"

चाचा मान हलवत खूप हसले आणि त्यांनी दांडा आत सोडला. तांबडा धूर निघाला. थोड्या वेळानं सुईचा तुकडा गळून पडला. दांडा मात्र जसाच्या तसा होता.

चाचांनाही सोबत घेऊन आम्ही घरी आलो. आईनं मशीन सुरू केलं, पण पोलकी बाजूला ठेवली. आधी तिनं तेजाबानं चाळणी झालेली चाचांची बाही शिवली. तोवर वडिलांचं उपरणं पांघरून चाचा ओट्यावर नवरदेवासारखे ऐटीत बसले होते.