अर्ध्या तिकिटाची अँजेलिना

नंदाखाल गावच्या अँजेलिना रुमावला आयुष्यात कोणी काही फुकट दिलं नव्हतं आणि तिनेही कोणाकडे मागितलं नव्हतं. नवरा युजीन गेल्यापासून आठवड्यातून तीनदा ती सुकेळ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, पुड्या आणि परसातली भाजी टोपलीत घालून एसटीने विरारच्या बाजाराला जायची. पासष्टीनंतर एसटीत अर्धं तिकीट लागतं, हे शेजारणीकडून कळलं तेव्हा तिला आधी ते खरंच वाटेना. म्हातारं झाल्याबद्दल सरकार सूट देतं म्हणजे यात काहीतरी गोम असणार, असं ती म्हणाली. गोम होतीच, पण ती सरकारकडे नव्हती.

अडचण वयाची होती. शाळेचा दाखला नाही, रेशनकार्डावर वय अंदाजाने लिहिलेलं. म्हणून २००१ साली ती चर्चच्या कचेरीत गेली. तिथला कारकून ॲन्सेल्म भला माणूस, फक्त चष्म्याचा नंबर वाढलाय हे मान्य करायला तयार नाही. त्याने बाप्तिस्म्याची जुनी वही उघडली, पिवळ्या पानांवरून बोट फिरवलं. नाव जुळलं, आईबापांची नावं जुळली, आणि त्याने दाखला लिहून दिला. जन्म जुलै १९३४.

म्हणजे सदुसष्ट. अँजेलिनाला आपण त्रेसष्टच्या आसपास असू असं वाटत होतं. पण वहीपुढे आपलं वाटणं कोण विचारतो? उलट दोन वर्षं उगाच पूर्ण तिकीट काढलं म्हणून ती हळहळली. त्या दाखल्यावर तहसील कचेरीतून ओळखपत्र मिळालं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते पोलक्यात ठेवायचं, बसमध्ये कंडक्टर चंद्रहासपुढे ऐटीत काढायचं, असं वर्षभर चाललं. पुढे पुढे चंद्रहास कार्ड बघेनासा झाला. तिला बघितलं की अर्धं तिकीट फाडायचा.

मग पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर आला. दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, ती हेलनआत्याला धरून दफनभूमीत घेऊन गेली. आत्या म्हणजे अँजेलिनाच्या बापाची बहीण, नव्वदीला टेकलेली. दोघींनी घरच्या क्रुसाभोवतीचं गवत उपटलं, झेंडूची फुलं घातली. आत्याने एक मेणबत्ती मुद्दाम बाजूला, मोकळ्या मातीत लावली.

"ही कोणाची?" अँजेलिनाने विचारलं.

"अँजेलिनाची," आत्या म्हणाली.

अँजेलिनाच्या हातातली काडेपेटी खाली पडली. आत्या मात्र बोलत राहिली. त्या वयात तोंडाला कुलूप राहत नाही.

"तुज्याआधीची. तापाने गेली, तीन वर्षांची होती. आमच्या आयचं नाव घरात राहिलं पायजे म्हणून मग तुलापन तेच ठेवलं. पन तुला कोनी सांगायचं नाय, असं ठरलेलं. पयलीचं नाव काढलं तर हाक मारल्यावर दोघी वळतील, असं तुजी आय बोलायची."

एक बहीण लहानपणी गेली होती, एवढं अँजेलिनाला माहीत होतं. तिचं नाव काय, हे विचारावंसं कधी वाटलं नव्हतं. आता विचारायची गरजच उरली नाही. पोलक्यातलं कार्ड तिला एकदम गार लागलं. ॲन्सेल्मचं बोट कुठे थांबलं होतं, ते तिला लख्ख कळलं. ती वर्षभर एका मेलेल्या पोरीच्या जन्मतारखेवर फिरत होती.

त्या दिवसापासून तिच्या मनात जी भीती शिरली, ती काही केल्या निघेना. घरात सुनेने, मटिल्डाने, पेपर वाचता वाचता सांगितलं की कुठल्याशा गावी खोट्या कार्डावर फिरणाऱ्या म्हाताऱ्याला बसमधून उतरवून डेपोत बसवून ठेवलं. अँजेलिनाने भाकरी तशीच ताटात ठेवली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला ती ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहिली नाही; मनात पाप ठेवून तो घ्यायचा नसतो. बायकांनी बघितलं, आणि बायकांनी बघितलं हेही तिने बघितलं. मागून कोणी "अँजेलिना" अशी हाक मारली की वळायच्या आधी ती क्षणभर थांबायची. आपल्याबरोबर आणखी कोण वळतंय का, याची तिला धास्ती वाटायची.

तुम्ही म्हणाल, पूर्ण तिकीट काढायचं आणि मोकळं व्हायचं. बोलायला सोपं आहे. पूर्ण मागितलं की चंद्रहास विचारणार, का? आणि मग वर्षभराच्या अर्ध्या तिकिटांचं काय? आठवडाभर ती आगाशीपर्यंत चालत जाऊन दुसरी गाडी पकडत राहिली. गुडघ्याने दगा दिला तेव्हा पुन्हा नेहमीच्या गाडीत चढली. पूर्ण म्हणायला तोंड उघडलं, तोवर चंद्रहासने अर्धं हातात ठेवलं होतं.

आणि बोळींजच्या थांब्यावर चेकर चढला.

उंच माणूस, खाकी कपडे, हातात पॅड. तो एकेक सीट करत पुढे येऊ लागला तशी अँजेलिनाची पाचावर धारण बसली. मेरीमातेची प्रार्थना सुरू केली तर अर्ध्यात शब्दच आठवेनात. गावातली चार माणसं गाडीत होती. आपल्याला खाली उतरवतील, टोपली रस्त्यावर राहील, रुमावांची अँजेलिना चोर निघाली असं संध्याकाळपर्यंत चर्चच्या पायरीवर बोललं जाईल. चेकर समोर उभा राहिला. तिने कार्ड दिलं.

त्याने कार्ड बघितलं, तिचं तोंड बघितलं, परत कार्ड बघितलं.

"अडुसष्ट? वाटत नाही मावशी," तो म्हणाला. "माझी आई तुमच्याहून लहान आहे, पण अंथरुणाला खिळलीय. तब्येत राखलीत." आणि कार्ड परत देऊन तो पुढे गेला.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण आतापर्यंत तिच्याकडून चूक झाली होती आणि आज ती जाणूनबुजून गप्प बसली होती. विरारला टोपली न सोडताच ती परतीच्या गाडीने थेट चर्चच्या कचेरीत आली आणि ॲन्सेल्मच्या टेबलावर कार्ड ठेवलं.

ॲन्सेल्मने वही काढली. जुलै १९३४ च्या नोंदीपुढे समासात एक बारीक क्रूस होता, त्याला तेव्हा न दिसलेला. चार पानांनंतर दुसरी अँजेलिना सापडली, मार्च १९३८. त्याचा चेहरा पडला. दाराकडे बघत तो हळूच म्हणाला, "चार महिने गप रावा. मार्चमध्ये पासष्ट होतात तुमी. मग नवीन दाखला देतो मी. कोनाला कळतंय?"

"तिला कळतंय," अँजेलिना समासातल्या क्रुसाकडे बघत म्हणाली आणि कार्ड तिथेच सोडून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने एक युक्ती काढली. भित्र्या माणसाला युक्त्या फार सुचतात. गाडी भरलेली होती, टोपल्यांमध्ये कोण कुठे बसलंय ते दिसत नव्हतं. चंद्रहास अर्धं तिकीट फाडू लागला तेव्हा ती म्हणाली, "दोन अर्धी दे. पोर आहे संगे." दोन अर्ध्यांचं एक पूर्ण होतं, पैसे सरकारला पोचतात आणि कोणी काही विचारत नाही.

"केवढी आहे?" त्याने मान वर न करता विचारलं.

यावर उत्तर तिने ठरवलं नव्हतं. "तीन वर्षांची," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग तिला कुठलं तिकीट मावशी? एवढ्या लहानांना फुकट असतं. मांडीवर घ्या तिला."

अँजेलिनाच्या मांडीवर टोपली होती. तिने ती उचलून खाली पायाशी ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

"मग माझं पूर्ण फाड," ती म्हणाली. आवाज मोठा आला, पुढच्या दोन सीटवरची माणसं वळली.

"पूर्ण? तुमचं तर अर्धं असतं."

"माझं नव्हतं ते. मार्चपासून असेल."

चंद्रहासने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या रिकाम्या मांडीकडे. त्याने पूर्ण तिकीट फाडलं. विरार येईपर्यंत अँजेलिनाने टोपली वर घेतली नाही.