घर घरी जाऊन राहिलं

कन्याकुमारीहून नागपूरला यायला रस्ता एकच आहे. एकाच नंबरचा हायवे, नाकासमोर चालत राहा, नागपूर आपोआप येतं. चुकायचं ठरवलं तरी माणूस चुकणार नाही. पण माझ्या बापाने शेवटच्या दीडशे किलोमीटरला इतके फाटे फोडले, की आम्ही पायी निघालो असतो तर आधी पोचलो असतो.

पुढे जीप आणि मागे हुकाला लावलेला ट्रेलर, अशी आमची वरात. ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोली. बाबांनी तो स्वतःच्या हाताने बनवला. लकडगंजात त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. हयातभर लोकांचे पलंग आणि कपाटं केली आणि दुकान आवरल्यावर उरल्यासुरल्या प्लायवूडमधून हा संसार मांडला. झोपायला दोन लांब बाकं, शेगडीपुरता ओटा, दोन खिडक्या. पडदे आईने निवडले होते. पिवळे धमक, त्यावर जांभळी फुलं. लांबून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही दिसावेत असे. दोघांनी मिळून समुद्र पाहायला जायचं ठरलं होतं. मागच्या पोळ्याच्या सुमारास आई गेली. ट्रेलरला तेव्हा फक्त दार लागायचं बाकी होतं.

आईचे दिवस झाल्यावर माझी आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, दिवाळीपर्यंत त्यांच्याजवळ राहिली. ती उमरेडला परत गेली, त्याच आठवड्यात बाबांनी ट्रेलरला दार बसवलं आणि स्वतः आत राहायला गेले. कुठे? तर आमच्याच घराच्या अंगणात! घराला कुलूप आणि घरमालक दारापुढे गाडीत. शेजारच्या काकूंचा मला पुण्याला फोन आला. "वं पोरी, तुया बाप घर सोडून अंगणात झोपून राहिला. लोकं मले विचारून राहिले. मी काय सांगू?"

मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, "हवा चांगली येते." डिसेंबरच्या नागपुरात हवा चांगली येते म्हणे! काकूंचा मुलगा तिकडे दोन स्वेटर घालून फिरत होता.

मग मी डोकं चालवलं. नवऱ्याला म्हटलं, थोडे दिवस घर सांभाळ. ऑफिसातून होती नव्हती तेवढी सुट्टी घेतली आणि बाबांना सांगितलं, ट्रेलर घेऊन हैदराबादला या, मी रेल्वेने तिथे येते, आपण समुद्र बघू. माझा हिशेब सरळ होता. त्या खोक्यात काही आठवडे काढले की कंबर धरेल, पाठ भरेल आणि हा माणूस मुकाट घरी जाऊन आपल्या पलंगावर आडवा होईल.

झालं उलटंच. कंबर माझी धरली. बाबा मात्र रोज ताजेतवाने. सकाळी उठून खिडकीतून कधी नारळाची झाडं बघायचे, कधी शेतं, आणि शीळ घालत चहा ठेवायचे. कन्याकुमारीला तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून असे उभे राहिले, की जणू समुद्र यांनीच बनवून तिथे बसवलाय. बाबांना इतकं खूश बघून मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण परत फिरलो आणि मी दिवस मोजायला लागले. माझी पुण्याची गाडी ठरलेली होती. तोवर बाबा घरात गेले तर ठीक. नाहीतर त्यांना अंगणात सोडून मला जावं लागणार होतं.

पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात शिरलो आणि बाबांची शीळ बंद झाली. जीप चाळीसच्या वर जाईना. पांढरकवड्याजवळ एका ढाब्यासमोर त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"बेअरिंग वाजून राहिली."

"मला तर काही ऐकू नाही आलं."

"तू पुण्याची. तुले काय ऐकू येते?"

ट्रेलर जॅकवर चढवला, चाक हाताने फिरवलं, त्याला कान लावून बसले. चाक गुपचूप फिरत होतं. तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले एक आजोबा आले आणि बिनदिक्कत ट्रेलरच्या पायरीवर बसले. बाबांकडे बघून म्हणाले, "डोये तपासाची गाडी होय का हे?"

वाटेत आम्हाला पाणीपुरीवाले समजून झालं होतं, प्रचाराचा रथ समजून झालं होतं. नेत्रतपासणी पहिल्यांदाच. बाबा म्हणाले, "नाही जी, हे घर आहे."

"घर? मंग कुठं जाऊन राहिलं?"

"नागपूरले. घरी."

आजोबांनी थोडा विचार केला. "म्हंजे घर घरी जाऊन राहिलं?"

"हाव."

"मंग थांबलं काहून?"

मी जीपमध्ये तोंडावर ओढणी दाबून हसत होते. बाबांनी चहा टाकला. आजोबांनी दोन कप चहा घेतला, डोळ्यांची तक्रार सविस्तर सांगितली आणि बाबांनी आपल्या कपाटं बनवणाऱ्या डोळ्यांनी त्यांच्या डोळ्यांत बघून, यवतमाळला जा म्हणून सल्लाही दिला. तो दिवस तिथेच गेला. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटपर्यंत बरे आले. तिथून सरळ नागपूर. बाबांनी उजवीकडे जीप वळवली.

"हे कुठे?"

"गिरडवरून उमरेडले. आत्याले नाही भेटायचं तुले?"

आता आत्याला भेटायचं नाही असं कोणत्या तोंडाने म्हणणार? मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे गिरडपर्यंत. मग जे सुरू झाले ते उमरेड येईपर्यंत थांबले नाही. चिडले की माझं पुणं पार धुऊन निघतं. "काहून असं करून राहिले तुम्ही? मले परवा जायचं आहे! मले काही समजत नाही का?" बाबा म्हणाले, "पाह्य, आता कशी घरची बोलली." आणि हसले.

आत्याचं घर विणकरांच्या आळीत. आमचं सगळं घराणं मागावर वाढलेलं, पण आता तिथे माग नाहीत. आत्याच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे. आत्याने सांबारवड्या तळल्या होत्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि थंडीत या वड्या खाल्ल्या नाहीत तर वर्ष फुकट. मी सात खाल्ल्या. राग असला की मला भूक जास्त लागते.

बाबा जेवून हात धुवायला गेले, तर आत्या तिथेच जाऊन उभी राहिली. तिला आडपडदा माहीत नाही. "काहून गा, घरी कायले जात नाहीस? पोरगी हैराण झाली तुयापायी."

"जातो ना. उद्या."

"उद्या म्हंजे कधी?"

"उद्या म्हंजे उद्याच वं बाई!"

उद्या खरंच निघाले. दिघोरी आली, नंदनवन आलं, आमच्या गल्लीचं वळण दिसलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि बाबांनी वळण सोडून जीप सरळ नेली.

"बाबा! घर मागे राहिलं!"

"कळमन्यात जाऊन येऊ. मिरची घ्यायची आहे."

"मिरची?"

"भिवापुरी. वर्षाचं तिखट नाही का करायचं?"

मी कपाळावर हात मारला. भिवापूर उमरेडपासून अर्ध्या तासावर. ज्या गावाची मिरची, त्या गावाच्या जवळून आम्ही तासाभरापूर्वी आलो होतो. तसं म्हटलं तर म्हणाले, "तिथं पारख नाही होत." एकट्या माणसाला वर्षाचं तिखट किती लागतं, हेही विचारून पाहिलं. त्यावर त्यांनी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

कळमन्याच्या मार्केटात मिरचीचे ढीग लागले होते. बाबा प्रत्येक ढिगापुढे थांबले. प्रत्येकातली एक मिरची देठ धरून वर उचलली, वास घेतला, नापसंत केली. शेवटी ओळखीच्या अडत्याने वैतागून एक पोतं त्यांच्या गळ्यात मारलं. ते पोतं बाबांनी ट्रेलरमध्ये दोन बाकांच्या मधे उभं केलं, दार लावलं आणि आता मात्र बहाणे संपले होते.

रिंग रोडच्या खड्ड्यांनी पोत्याचं काय केलं हे आम्हाला अंगणात पोचल्यावर कळलं. बाबा म्हणाले, "तू बस, मी जरा पडतो," आणि नेहमीप्रमाणे ट्रेलरचं दार उघडून आत गेले. पुढच्या क्षणी असे खोकत बाहेर आले, की शेजारच्या काकू भाजी निवडायची सोडून कंपाउंडच्या भिंतीशी धावल्या. पोतं फुटलं होतं. मिरच्या बाकांवर, गादीवर, शेगडीवर. दुपारच्या उन्हात खोकं तापलेलं. मला ठसका, काकूंना ठसका, आणि ठसक्यातून सुटका झाली की हसू. आपलं राहतं घर आपल्याच हाताने तिखटाचा डबा करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मला वाटलं, चला, आता तरी. पण बाबा डोळे पुसत जीपमध्ये जाऊन बसले. स्टिअरिंगवर हात ठेवून, जणू अजून गाडी चालवत होते. मी शेजारी जाऊन बसले. भांडायची ताकद उरली नव्हती.

"बाबा, असं किती दिवस?"

त्यांनी कुलपाकडे बघितलं. मग म्हणाले, "बाहेर झोपलो का मले वाटते, तुयी आई आतमध्ये आहे. कामात आहे. आत गेलो का मंग दिसते, ते नाही आहे."

माझ्या सगळ्या हिशेबात हे कुठेच नव्हतं. मला राग आला, त्यांचा नाही, आईचाच. मला माझी आई हवी होती. आई गेल्याच्या दिवसांनंतर मी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. बाबांना घरात न्यायला आले म्हणत होते, पण पाय तर माझेही जड झाले होते.

"चावी द्या," मी म्हटलं. "तुम्ही बसा हवं तर. मी जाते."

त्यांनी खिशातून चावी काढून दिली. मी पायऱ्या चढले, कुलूप काढलं, दार ढकललं. बंद घराचा वास आला. मी पाऊल उचललं.

"थांब!"

मी दचकले. बाबा जीपमधून उतरून जवळजवळ धावतच येत होते. "अशीच शिरून राहिली? बाहेरून आलेली लेक, माहेरी आली, अशीच आत जाईन?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी पुण्याहून आले की आई मला दारात थांबवायची. भाकरीचा तुकडा आणि पाणी माझ्यावरून ओवाळून टाकायची, मगच आत घ्यायची. लांबून आलेल्या माणसाबरोबर काय काय येतं, ते बाहेर राहावं म्हणून.

भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, "थांबा भाऊ, मी आणते भाकर. मी ओवाळते तिले."

"राहू द्या वहिनी," बाबा म्हणाले. "तिचं माहेर हे आहे."

आणि मला बाजूला सारून ते आत गेले. चपला घालूनच गेले. मी दारात उभी. आतून डब्यांचे आवाज यायला लागले. एक झाकण पडलं आणि गरगरत राहिलं. "कुठं काय ठेवते, काही पत्ता लागत नाही हिचा," असं बडबडणं ऐकू आलं. नळ सुटला. आधी नुसती हवा खोकली, मग पाणी पडलं.

बाबा परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात एक पापड.

"भाकर कुठून आणू? हे होतं डब्यात. तुया आईनं केलेले आहेत, उन्हाळ्यातले."

त्यांनी पापडाचा एवढासा कोपरा मोडला. बाकीचा जपून शर्टाच्या खिशात ठेवला. "पुरा नाही फेकत," म्हणाले. मग तांब्या उचलून अडखळले. "डावीकडून करत होती का उजवीकडून?"

"मला नाही माहीत. मी डोळे मिटायची."

"मंग मीट."

मी डोळे मिटले. कोपरा आणि तांब्या माझ्या तोंडाभोवती फिरले, बहुतेक एकदा इकडून आणि दोनदा तिकडून. तांब्याची कड माझ्या कपाळाला लागली. थंड पाणी पायांवर पडलं, ओल्या बोटांनी त्यांनी माझ्या पापण्या पुसल्या. त्या हाताला मिरची लागलेली होती. माझे डोळे चुरचुरायला लागले आणि मी मनसोक्त रडून घेतलं. काकूही रडत होत्या, त्यांना तर मिरची लागली नव्हती.

"ये वं आता आत," बाबा म्हणाले.

मी डोळे उघडले. ते उंबऱ्याच्या आत उभे होते, आई उभी राहायची तिथे, आणि मला वाट द्यायला मागे सरकत होते. आपण घरात आहोत हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी चपला काढल्या आणि आत गेले.