गिरणीकडे पाठ केलेला माइक

घरच्या घरी स्टुडिओ कसा उभारावा हे शिकवणारे जेवढे व्हिडिओ मी पाहिले, त्या सगळ्यांची पहिली सूचना एकच: घरातली शांत खोली निवडा. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कुणाच्या घरातली? आमच्या घराला दोन खोल्या. एकीची भिंत शेजारच्या पिठाच्या गिरणीला लागून, दुसरीच्या दारात सार्वजनिक नळ. वर पत्रे. कावळा चालला तरी खाली कळतं. शांत खोली ही मालमत्ता असते, फक्त सातबाऱ्यावर तिची नोंद होत नाही. आणि ज्याच्याकडे ती असते तो निवांत बसून जगाला सांगतो, की भिंतींना फोम लावा, गालिचा अंथरा. अरे, गालिचा अंथरला तर आम्ही झोपायचं कुठे?

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमची संघटना एका कागदाची, पाठपोट छापलेली पत्रकं काढते आणि पाळी सुटताना अंबडच्या कारखान्यांच्या गेटांवर वाटते. सुटलेला कामगार थांबत नाही, चालता चालता वाचतो. पहिल्या ओळीनं त्याचा पाय अडवला नाही, तर पुढच्या ओळी गटारात जातात. मी हेच शिकले आहे आणि मला ते येतं. पण त्या उन्हाळ्यात असं एक प्रकरण आलं, की पत्रक हातात घ्यायलाच बायका घाबरायला लागल्या. गेटवरचा वॉचमन कोण घेतं ते बघून ठेवायचा.

प्रकरण असं. निफाडकडची एक मावशी, ठेकेदारामार्फत कामाला, प्रेसवर पत्र्याचे भाग दाबायची. मशीनमध्ये हात गेला तर प्रेस आपोआप थांबावी म्हणून तिला एक सेन्सर असतो आणि तो चालू असला की हिरवा दिवा लागतो. तो सेन्सर बंद करून ठेवलेला होता, कारण तो चालू असला की माल कमी निघतो. मावशीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीनं लिहून दिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. पुढे कारखाना निरीक्षकांसमोर सुनावणी लागली. दिवा बंद होता हे लाइनवरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं, आणि सांगायला एकही तयार नव्हती. एकीनंही सांगितलं नाही, तर मावशी जन्मभर निष्काळजी बाई ठरणार होती.

"मला त्यांच्याशी बोलू दे एकदा," मावशी म्हणाली. पण तिला गेटजवळ कोण येऊ देणार? आणि बायका फोनही उचलत नव्हत्या.

मग मला सुचलं. कँटीन फक्त कायम नोकरीतल्या कामगारांसाठी. ठेक्यावरच्या बायका कंपाउंडच्या भिंतीबाहेर, झाडाखाली डबे सोडतात. मधे एकीचा फोन ठेवलेला असतो, त्यावर काहीबाही चालू असतं. त्या वेळेला आपण संघटनेच्या पानावरून लाइव्ह जायचं. कोण ऐकतंय ते वॉचमनला कळणार नाही, आणि मावशी थेट त्यांच्या भाकरीपाशी जाऊन बसेल.

माइक मैत्रिणीनं दिला. ती स्वतःच्या कविता रेकॉर्ड करते, तिच्याकडे भारीतला कंडेन्सर माइक होता. चकचकीत, जाळीदार, बघूनच आदर वाटावा असा. मी तो पलंगावर मांडला, पाच मिनिटं बोलले आणि हेडफोन आईच्या कानाला लावला. आई ऐकत राहिली आणि मग हसायलाच लागली.

"अगं, यात तू कुठंयस? मला नळावरची भांडणं ऐकू येताहेत. गिरणीवाल्याची उधारी ऐकू येतीये. हा माइक नाही बाई, हा चुगलखोर आहे. सगळ्या गल्लीची चुगली करतोय!"

"माझा आवाज?"

"येतोय की. पिठातून बाहेर आल्यासारखा."

कंडेन्सर असाच असतो. त्याचा कान तिखट. गायकाचा श्वास, सतारीची शेवटची थरथर त्याला ऐकू येते. हा त्याचा गुण आहे, आणि आमच्या घरात तोच अवगुण. मावशीचा आवाज तसा हळू. गिरणीच्या पट्ट्यात तो पार दळून निघाला असता, आणि झाडाखालच्या बायकांनी अंगठा फिरवून पुढचा व्हिडिओ लावला असता.

मला पाहिजे होता मठ्ठ कानाचा माइक. तोंडाजवळचं तेवढं ऐकणारा, लांबच्याला भीक न घालणारा. त्याला डायनॅमिक म्हणतात हे मी वाचून काढलं, आणि शालिमारजवळच्या एका दुकानात गेले.

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, माझ्या कापडी पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "पॉडकास्ट का, ताई? मग हा घ्या. सगळे हाच नेतात." परत कंडेन्सर! शिवाय खाली दिव्यांचं रंगीत वर्तुळ असलेला.

"दिवे आवाजाला लागतात का?"

"दिसायला छान दिसतं, ताई."

"मला दिसायचं नाहीये. यूएसबी डायनॅमिक दाखवा, थेट लॅपटॉपला लागणारा. मधे दुसरी पेटी घ्यायला लावू नका."

त्यानं तोंड वाकडं करून एक काळा, ठेंगणा माइक काढला आणि मला काचेच्या खोलीत नेऊ लागला. मी म्हटलं, "आत नाही. बाहेर."

"बाहेर? रस्त्यावर?"

"हो. फुटपाथवर."

"ताई, रस्त्यावर कोण रेकॉर्डिंग करतं?"

"आम्ही करतो. आमचं घर तसंच आहे."

लॅपटॉप पायरीवर ठेवून मी रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभी राहून बोलले. तो ठेंगणा ओठांपासून चार बोटांवर धरला तर माझा आवाज स्वच्छ आणि रस्ता मागे, लांब. हातभर अंतरावर धरला तर मीही रस्त्याइतकीच लांब. आणि याला पाठ आहे. पाठीमागून येणारा आवाज तो जवळजवळ घेतच नाही. मी तिथेच मनात घरची मांडणी केली: तोंड मावशीकडे, पाठ गिरणीकडे. दुकानदारानं हेडफोन लावून ऐकलं. मग म्हणाला, "हे आम्हीपण कधी करून बघितलं नव्हतं." पिशवी भरून देताना माइकला घालायची फोमची टोपी त्यानं वरून दिली. तिला मी नाही म्हटलं नाही. प, फ, भ म्हणताना तोंडातून जी हवा फुटते ती टोपी अडवते.

लाइव्हच्या आदल्या दिवशी मावशीला बोलावलं, सवय व्हावी म्हणून. तिनं समोरचा माइक बघितला, पदर सावरला आणि एकदम मागे सरकून बसली. भिंतीला टेकेपर्यंत.

"मावशी, पुढं या."

"नको बाई. शिट्टी वाजंल."

हे आमच्या सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. आमच्या गेटसभांचा भोंगा असा, की माइक तोंडाजवळ आणला की किंचाळतो. म्हणून तो लांब धरायचा आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडायचं. व्यासपीठावर चढलेला प्रत्येक जण हेच बघून शिकला. खुद्द मीसुद्धा घरात चाचणी घेताना अशी गरजले होते, की पडद्यावरची आवाजाची पट्टी लाल झाली आणि आतून वडील म्हणाले, "घरात आहेस का गेटवर?"

मी समजावलं, की इथे भोंगाच नाही, शिट्टी वाजायची सोयच नाही. मावशी दोन वीत पुढं आली आणि ओरडायला लागली, "माझ्या भगिनींनो!" तिला कुणी तरी सांगितलं असावं की असं म्हणतात. तिचं काही त्यात उरलंच नाही. सभेतला कुणीतरी बोलतोय असं वाटत होतं.

मी विचारलं, "मावशी, प्रेस चालू असताना शेजारणीशी कसं बोलायचात? ओरडून?"

"छ्या! वरडून काय ऐकू येतंय का तिथं? कानात सांगायचं."

"कसं? मला सांगून दाखवा."

ती उठली, माझ्याजवळ आली, डाव्या हातानं माझा खांदा धरला आणि कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, "सुपरवायजर आला बग. पान खाऊन आलाय मेला."

आई घरात नव्हती म्हणून बरं, नाहीतर तिनंही कान पुढं केला असता. मी म्हटलं, "हाच तो कान." आणि माइक तिच्या पुढं केला, जरा तिरका, म्हणजे श्वास थेट आत जाऊ नये. "हा शेजारच्या मशीनवरचीचा कान आहे असं समजा."

मावशीनं फोमच्या टोपीकडे बघितलं. "लय काळी हाय ही शेजारीण," ती म्हणाली, आणि वाकली.

दुसऱ्या दिवशी डबे सुटायच्या वेळेला आम्ही सुरू केलं. गिरणी चालू होती, नळ चालू होता. मी प्रास्ताविक केलं नाही. पत्रकाचा नियम: पहिल्या ओळीला पाय अडला पाहिजे.

"जेवताय का गं?" मावशी म्हणाली. "जेवा. मी काय तुमाला रडवायला नाय आले. मी कुणाचं नाव घ्या म्हनत नाय, साहेबाशी भांडा म्हनत नाय. एवढंच सांगा, हिरवा दिवा चालू होता का बंद होता. तुमाला म्हाईत हाय. मला म्हाईत हाय. मी निष्काळजी होते का गं? तुमची पोरं आजारी पडायची तवा तुमच्या वाटचा माल कोन काढायचं?"

फार बोलली नाही. हेडफोनमध्ये मला तिचा आवाज असा येत होता की मान आपोआप तिरकी झाली. गिरणी कुठेतरी मागे होती, दुसऱ्या गावात असावी तशी.

खाली प्रतिक्रिया धडाधड आल्या. लाल सलाम, निळा सलाम, वळलेल्या मुठी. सगळ्या आमच्याच कार्यकर्त्यांच्या. लाइनवरून एक अक्षर नाही. मी चिडले. मावशी चिडली नाही. "जेवत्यात," ती म्हणाली, "तोंडात घास आसतो."

दोन दिवसांनी तिला फोन आला. लाइनवरचीच एक होती. "आम्ही तिघी येतो सुनावणीला. पण त्या लाइव्हवर नको बसवू बाई, माझा नवरा बघतो." बसवलं नाही. माणसाला बोलायला कुठली जागा झेपते हे त्यानं ठरवायचं.

सुनावणीच्या दिवशी त्या तिघी आल्या, कंपनीचे निळे अ‍ॅप्रन घालूनच. पाळी सुटताच सामायिक रिक्षानं थेट आल्या होत्या. कंपनीचा वकील त्या अ‍ॅप्रनकडे बघत राहिला. निरीक्षक साहेबांनी विचारलं, "अपघाताच्या दिवशी सेन्सर बंद होता?"

तिघीतली थोरली पुढं झाली. "बंद होता साहेब. दिवा लागत नव्हता." मग मावशीच्या हाताकडे बघून म्हणाली, "आजबी बंद हाय. आत्ता तिथं दुसरी बसलीये."

साहेबांनी फाइल मिटली आणि शिपायाला म्हणाले, "गाडी काढ. कारखान्यावर जायचंय."