झाकणावरचे हात

तो आधी कॉलर धरायचा, मग विचारायचा, ‘आजची गोळी घेतली काय बे?’

आर्णीत बसस्टँडच्या बाजूला त्याचं पंक्चरचं दुकान होतं. तुमच्यापैकी कुणी तिथं चाकात हवा भरली असेल, तर त्याच्या शिव्याही ऐकल्या असतील. त्याला एचआयव्ही होता आणि कित्येक वर्षं तो गुंगीची इंजेक्शनं टोचून घ्यायचा. मी त्याला ओळखू लागलो तेव्हा सुई सुटून वर्ष झालं होतं. दंडापासून मनगटापर्यंत नुसते काळे वण.

मी तेव्हा एचआयव्हीच्या गोळ्यांबद्दल पत्रकं लिहून गावोगाव वाटायचो. एकात ठळक छापलं होतं, ‘नशा आणि औषध एकत्र म्हणजे विष!’ या वाक्याचा मला फार अभिमान होता. आठवड्याभरात माझी कॉलर त्याच्या मुठीत होती.

‘हे तूच लिवलं न?’

‘हो, दादा.’

थोबाडीत बसली. कान वाजत राहिला.

‘तो पेंटर पाह्य. सुई टोचली का त्या दिवशी गोळीच घेत नाही. कायले, तं तुह्या कागदात विष लिवलं हाय!’

पाट्या रंगवणारा त्याचा जुना सोबती पायरीवर मान घालून बसला होता. अंगात ताप, जिभेवर पांढरे चट्टे.

माझी कॉलर सोडून पंक्चरवाल्यानं पाण्यात ट्यूब बुडवली. बुडबुडे आले. ‘गोळी म्हंजे हवा. सुई म्हंजे खिळा. दर खेपेले घाण आत जाते, पू होते, आंग लढून लढून थकते. अन् वरून हवाच बंद केली, तं ट्यूब बसन नाही काय?’

मी नवं पत्रक काढलं. ‘सुई सोडा. सुटेपर्यंत गोळी चुकवू नका.’ ते वाचून तो म्हणाला, ‘आता कसं मानसावानी लिवलं!’ आणि पेंटरची कॉलर धरून त्याला ते मोठ्यानं वाचायला लावलं.

दर रविवारी तो पडक्या शौचालयामागच्या वापरलेल्या सुया चिमट्यानं उचलायचा. त्या कुणी पुन्हा टोचू नयेत म्हणून प्लास्टिकच्या डब्यात भरून दवाखान्यात द्यायचा. एका रविवारी मी सोबत होतो. कुणीतरी ओरडलं, ‘एड्सच्या सुया पसरवून राह्यला!’ पाच-सहा जण धावून आले. पहिल्याच काठीनं त्याचं डोकं फुटलं.

दोघा-तिघांना त्यानं सहज लोळवलं असतं. पण डब्याचं झाकण सैल झालं होतं. डबा पोटाशी धरून तो मुटकुळं करून पडला आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून राहिला. लाथा बरगड्यांत बसत होत्या. डोकं झाकायला हात मोकळे नव्हते.

‘लेकहो, मांगं व्हा! पायात घुसतीन!’ तो ओरडत होता. मारणाऱ्यांपैकी एकाच्या पायात साध्या स्लिपर होत्या.

मी मध्ये पडलो, माझा एक दात पडला. मार थांबला नाही.

त्याच्या जखमा चिघळल्या, जंतू रक्तात गेले. गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती नुकती कुठे सावरत होती. सुयांनी वर्षानुवर्षं थकवलेल्या शरीराला अजून वेळ हवा होता, असं डॉक्टर म्हणाले. तो वेळ त्या माणसांनी भर दुपारी, चारचौघांत तुडवला. ते सगळे आजही त्याच रस्त्यानं फिरतात.

यवतमाळच्या वॉर्डात सलाईनसाठी शीर सापडेना. सुयांनी सगळ्या शिरा जाळल्या होत्या. ‘सिस्टर, मोजणीले पटवारी बोलवा,’ तो म्हणाला. सिस्टर हसल्या.

कशीबशी लावलेली सुई दुसऱ्या दिवशी निघून आली. हात पाहून झाले, मान पाहून झाली. मग सिस्टर पायाशी बसल्या आणि त्याचं पाऊल मांडीवर घेऊन बोटानं शीर चाचपत राहिल्या. त्याची छाती हलायची थांबली, तरी त्या चाचपतच होत्या.

शेवटी मीच म्हणालो, ‘सिस्टर, राहू द्या.’