पहिल्याच फेरीत बसलेले साहेब

मोहफुलांचा गोडसर वास आला की मला मोहर्लीच्या जंगल सफारी गेटवरची ती सकाळ आठवते. त्याआधी कधीतरी मोहफुलं वेचताना अस्वलानं माझा डावा हात फाडला होता. तो कोपरातून वळेनासा झाला, म्हणून सरकारकडून दर महिन्याला दिव्यांगांची मदत सुरू झाली. जखमा भरल्यावर मी पुन्हा सफारीत गाईडचं काम धरलं, तेव्हा नवरा म्हणाला, "कोणी पाह्यलं तर मदत बंद होईन." आणि पहिल्याच फेरीला माझ्या जिप्सीत बायकोसोबत बसले ते तहसीलातले साहेब, माझी मदत मंजूर करणारे! वाघीण बांबूतून रस्त्यावर आली, सगळे श्वास रोखून उभे राहिले. साहेब मात्र माझ्या हाताकडे बघत होते. परत गेटवर आल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही मदत घेता ना? मग हे काम काऊन?" खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "घेतो साहेब," मी म्हणाले, "पण घरी बसून जंगलाचं भेव वाढून राह्यलं होतं. अजून बसली असती तर अंगणातबी निंगाली नसती." साहेब म्हणाले, "कमाई किती होते ते ऑफिसात येऊन सांगा. कमी असली तर मदत बंद होत नाई. फक्त लपवू नका." मी जाऊन सांगितलं, मदत थांबली नाही. आता नव्या गाईड मुली विचारतात, बाई, सगळ्यात जास्त भेव कधी वाटलं? त्यांना अस्वलाची गोष्ट हवी असते. मी साहेबांची सांगते.